स्वस्त टॅबलेटमध्ये ठेवलेला आवाज

टॅबलेट लोगोवर अडकला होता. स्क्रीनवर कंपनीचं नाव यायचं, अर्धा मिनिट थांबायचं, मग स्क्रीन काळी व्हायची आणि परत नाव यायचं. आमच्या धंद्यात याला बूट लूप म्हणतात. यंत्र जागं व्हायला बघतं, पण उठून बसता येत नाही.

काउंटरपलीकडे आप्पा उभे होते. गळ्याभोवती पांढरं सुती कापड बांधलेलं. त्याच्याखाली श्वास घ्यायचं भोक होतं. शेजारी त्यांच्या पत्नी, मालनकाकी. आप्पांनी खिशातून छोटी वही काढली, दोन शब्द लिहिले आणि वही माझ्याकडे फिरवली.

'सगळं गेलं?'

"बघते. आत्ताच काही सांगत नाही," मी म्हटलं.

"मॅडम, परवा सकाळपास्नं असंच कराय लागलंय," मालनकाकी म्हणाल्या. "पलूसला एका दुकानात दावलं. त्यो म्हणला, रिसेट मारतो, पाच मिनटात चालू हुतंय. ह्येंनी त्येच्या हातातनं हिसकावूनच घेतला."

"बरं झालं हिसकावला."

फॅक्टरी रिसेट म्हणजे टॅबलेट नव्यासारखा करणं. अडकलेला टॅबलेट त्यानं बहुतेक वेळा चालू होतो. पण मालकानं आत ठेवलेलं सगळं पुसलं जातं. दुसऱ्या कुणाच्या टॅबलेटला मीही तोच उपाय केला असता. या टॅबलेटमध्ये मात्र आप्पांचा आवाज होता, आणि तो दुसरीकडे कुठेच नव्हता. हे मला पक्कं माहीत होतं, कारण तो तिथं ठेवायला मीच सांगितलं होतं.

माझं माहेर मेढ्याचं. साताऱ्यात आयटीआय केलं, तिथल्याच एका सर्व्हिस सेंटरमध्ये सात वर्षं काढली आणि लग्नानंतर सांगलीत स्वतःचं दुकान टाकलं. मी चिप लेव्हलचं काम करते. म्हणजे नुसती काच किंवा बॅटरी बदलणं नाही, तर सूक्ष्मदर्शकाखाली बोर्डावरची चिप उचलून परत बसवणं. बाई असून हे काम करते म्हणून सुरुवातीला लोक दारातूनच परत जायचे. आता जात नाहीत.

आप्पा पहिल्यांदा आले तेव्हा ते बोलत होते. आवाज बसलेला होता, घोगरा, पण तरी दुकान भरून टाकणारा. ते कुंडलचे. सांगलीच्या मार्केट यार्डात एका अडत दुकानाकडून हळदीचे सौदे पुकारायचे. पोती फोडून ढीग मांडलेले असतात, भोवती व्यापाऱ्यांचा घोळका असतो, आणि एक माणूस चढे भाव ओरडत एका ढिगावरून दुसऱ्या ढिगाकडे जातो. तो माणूस म्हणजे आप्पा. तीस वर्षं त्यांनी दुसरं काम केलं नव्हतं.

"आवं मॅडम, डॉक्टर म्हंत्यात नरडंच काढाय लागतंय," ते म्हणाले. भाजी आणायला जायचंय, अशा सुरात.

स्वरयंत्राचा कॅन्सर होता. मिरजेला ऑपरेशन ठरलं होतं, चौदा दिवसांनी. तिथल्या स्पीच थेरपिस्ट बाईंनी त्यांना एक सुचवलं होतं. ऑपरेशनच्या आधी आपल्याच आवाजात रोजची वाक्यं रेकॉर्ड करून ठेवायची. नंतर टॅबलेटवर बटण दाबलं की ते वाक्य वाजतं. बोलायच्या दुसऱ्या पद्धतीही शिकता येतात, पण त्यात आपला आवाज आपला राहत नाही. आप्पांना हे पटलं होतं. त्यांची मुलगी रोहिणी साताऱ्यात असते. तिनं ऑनलाइन सेलमधून एक स्वस्त टॅबलेट मागवून पाठवला होता. तो सेट करून द्यायचं काम माझ्याकडे आलं होतं.

"ह्यो कसा हाय? खरं सांगा," आप्पा म्हणाले.

मी खरं सांगितलं. निदान मला तसं वाटलं.

"डब्यावर बत्तीस जीबी लिहिलंय. त्यातली बरीचशी जागा कंपनीनं आधीच भरलेली असते. रॅम दोन जीबी आहे. आप्पा, स्टोरेज म्हणजे कपाट आणि रॅम म्हणजे टेबल. कपाटातली वस्तू टेबलावर काढल्याशिवाय काम होत नाही. याचं टेबल लहान आहे. म्हणून हा हळू चालणार. बटण दाबल्यावर लगेच काही झालं नाही तर परत परत दाबू नका, नाहीतर तेच वाक्य तीनदा वाजेल. कॅमेरा नावाला आहे. स्पीकर मागं एकच आहे, पालथा ठेवला तर आवाज दबेल. उन्हात स्क्रीन दिसणार नाही. बॅटरी वर्षभर बरी जाईल, पुढं बघू."

"म्हंजी चालणारा हाय, पळणारा न्हाई."

"तसंच."

"आन माजा आवाज ऱ्हाईल न्हवं ह्यात?"

"राहील की. आवाजाला जागा किती लागते? बिनधास्त ठेवा."

त्यातलं बिनधास्त मी म्हणायला नको होतं.

जे सांगितलं नाही ते असं. स्वस्त टॅबलेटमध्ये पैसे कुठं वाचवतात हे आम्हाला माहीत असतं. स्क्रीन डोळ्यांना दिसते, म्हणून ती बरी देतात. डेटा जिथं राहतो ती स्टोरेजची चिप दिसत नाही. तिथं सगळ्यात हलका माल लावतात. प्रत्येक चिपवर ठरावीक वेळाच लिहिता-पुसता येतं. हलकी चिप लवकर झिजते, त्यात ती गच्च भरलेली असेल तर जास्तच लवकर. ती बोर्डावर कायमची डकवलेली असते. काढून दुसऱ्या टॅबलेटला लावली असं करता येत नाही. मला हे सगळं येत होतं. पण ग्राहकाला ऑपरेशनची भीती असताना आणखी भीती कशाला घालायची, असा विचार केला. बाहेरून मेमरी कार्ड घालता आलं असतं. तेही मी टाळलं, कारण बाजारात खोटी कार्डं फार आहेत आणि ती आधी मरतात. सगळं रेकॉर्डिंग टॅबलेटच्या पोटातच होईल असं सेटिंग केलं. टॅबलेटला सिम नव्हतं. कुंडलच्या घरी इंटरनेट फक्त काकींच्या मोबाईलच्या हॉटस्पॉटवर. त्यामुळे क्लाउड बॅकअपही लावला नाही. क्लाउड म्हणजे आपल्या फाइलची एक प्रत इंटरनेटवर दूर कुठेतरी ठेवणं. लावता आला असता. थोडा त्रास झाला असता, एवढंच.

तीन फोल्डर करून दिले. घर, दवाखाना, मार्केट. थेरपिस्टनं वाक्यांची यादी दिली होती. पाणी द्या. दुखतंय. उशी वर करा. डॉक्टरांना बोलवा.

"ही यादी आजाऱ्याची हाय," आप्पा म्हणाले. "मला माझी घालू द्या."

ते रोज रेकॉर्ड करत राहिले. सुट्टीच्या दिवशी रिकाम्या यार्डात जाऊन टॅबलेटसमोर एक पूर्ण सौदा पुकारून आले, पहिल्या ढिगापासून शेवटच्या ढिगापर्यंत, समोर एकही व्यापारी नसताना. ॲडमिट व्हायच्या दिवशीच, मिरजेला जाता जाता, टॅबलेट घेऊन माझ्याकडे आले. तीनशे बारा क्लिप्स झाल्या होत्या. काही मी ऐकल्या. 'लाईट घालव की.' 'कोण आलंय?' 'म्हशीला पाणी दावलं का?' 'आगं मी हितंच हाय.' एका क्लिपमध्ये नुसतं हसणं होतं.

"हसू कशाला?" मी विचारलं.

"हसायला तरी नरडं लागतंयच की," आप्पा म्हणाले.

मी टॅबलेट लॅपटॉपला जोडला आणि सगळ्याची कॉपी लावली. स्वस्त टॅबलेटचं पोर्टही हळू असतं. स्क्रीनवर पाऊण तास शिल्लक असं आलं. मग ते मध्येच तुटलं. परत जोडलं, परत तुटलं. बाहेर चार गिऱ्हाइकं उभी होती. आप्पांना मिरजेला वेळेत पोचायचं होतं.

मी म्हटलं, "असू दे आप्पा. ऑपरेशन होऊन जाऊ दे. मग निवांत या, तेव्हा कॉपी काढून देते."

"बरं," ते म्हणाले. मी त्यांचा प्रत्यक्ष आवाज ऐकला तो तेव्हा शेवटचा.

ऑपरेशन झालं. त्यानंतरचे पाच-सहा महिने टॅबलेटनं काम केलं, पण कसं, ते मालनकाकींनी नंतर सांगितलं. पाणी द्या असं दाबलं की टॅबलेट विचार करत बसायचा. तोवर काकी पाण्याचा तांब्या घेऊन यायच्या, आप्पा पाणी प्यायचे, आणि मग टॅबलेट आप्पांच्या आवाजात म्हणायचा, पाणी द्या. पहिल्यांदा दोघंही हसले. पुढे आप्पांना त्याचा राग यायला लागला.

दिवाळीत रोहिणीची मुलं आली. त्यांनी त्यात गेम्स टाकले, कार्टून उतरवून घेतली. स्टोरेज भरलं. रोहिणीचा मला फोन आला होता.

"ताई, टॅबलेट फारच स्लो झालाय. आप्पा वैतागलेत."

"गेम्स काढून टाक," मी म्हटलं. "थोडी जागा रिकामी ठेव. होईल नीट."

तेव्हा तरी कॉपीचं आठवायला हवं होतं. डोक्यातही आलं नाही. दोन मिनिटांचा फोन होता. समोर दुसऱ्याचा मोबाईल उघडा पडला होता.

आणि आता टॅबलेट माझ्यासमोर लोगोवर अडकलेला होता.

मी तो उघडला. बॅटरी बाजूला काढून बोर्डाला बाहेरून करंट दिला आणि लॅपटॉपला जोडला. प्रोसेसर उत्तर देत होता. स्टोरेजची चिप कधी दिसायची, कधी नाही. याचे दोन अर्थ होतात. एक, चिपखालचे सोल्डरचे, म्हणजे डाख द्यायच्या धातूचे, बारीक मणी तडकलेत. ते परत वितळवले की चिप बोलायला लागते. दुसरा अर्थ, चिपच संपली आहे. मग काही करता येत नाही.

"चिप काढून दुसऱ्या मशीनवर वाचता येत न्हाई व्हय?" मालनकाकींनी विचारलं. पलूसच्या दुकानदारानं त्यांना तसं सांगितलं होतं.

"पूर्वी यायची. आता आतला सगळा मजकूर कुलूपबंद असतो आणि किल्ली त्याच बोर्डावरच्या प्रोसेसरमध्ये असते. नुसती चिप काढली तर आत काय आहे ते कळणार नाही. हाच बोर्ड, हीच चिप, हाच टॅबलेट एकदा तरी चालू व्हायला पाहिजे. मग आप्पांनी पिन घालायचा. मग फाइली निघतील."

आप्पांनी लिहिलं, 'किती टक्के?'

"टक्के सांगता येत नाहीत."

त्यांनी तोच प्रश्न पेनानं परत गिरवला.

"कमी," मी म्हटलं.

साताऱ्याच्या सर्व्हिस सेंटरमध्ये जोशी सर माझे बॉस होते. निवृत्त झालेत, पण घरी वर्कशॉप ठेवलंय. चिप तापवायचं चांगलं मशीन माझ्याकडे नव्हतं, त्यांच्याकडे होतं. मी फोन केला आणि सगळं सांगितलं.

"बॅकअप?" सर म्हणाले.

"नाही."

"सेटिंग कुणी केलं होतं?"

"मी."

सरांनी टॅबलेटचं मॉडेल विचारून घेतलं. मग म्हणाले, "उद्या सकाळी ये. त्यांनाही आण, पिन लागेल. आणि तोवर त्याला परत परत चालू करून बघू नकोस. जेवढा श्वास शिल्लक आहे तेवढाच आहे."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं एसटीनं साताऱ्याला गेलो. आप्पा खिडकीशी बसले होते. टॅबलेट माझ्या मांडीवर डब्यात होता. काकी वाटेत दोनदा म्हणाल्या, "हुईल न्हवं मॅडम?" मी दोन्ही वेळा सर चांगले आहेत एवढंच म्हटलं.

सरांनी बोर्ड मशीनखाली धरला. चिपभोवती फ्लक्स लावला. फ्लक्स म्हणजे सोल्डर नीट वितळावं म्हणून लावायचा चिकट द्रव. मग खालून आणि वरून हळूहळू उष्णता दिली. जास्त झाली तर चिप मरते, कमी पडली तर मणी वितळत नाहीत. आप्पा कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून बघत होते. बोर्ड गार व्हायला वेळ दिला. मग जोडणी केली आणि मी पॉवर दाबली.

कंपनीचं नाव आलं. थांबलं. स्क्रीन काळी झाली नाही. नाव तसंच राहिलं. पंधरा मिनिटांनी पिन मागणारी स्क्रीन आली.

आप्पा उठले. पिन घालताना त्यांचा एक आकडा चुकला. परत घातला. उघडलं.

काकी रडायला लागल्या. सर म्हणाले, "रडू नका, अजून काही हातात आलेलं नाही." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "सगळं एकदम मागू नकोस. चिप खालून गरम व्हायला लागली आहे, म्हणजे ती संपत आली आहे. एकेक फाइल घे. आधी काय पाहिजे ते त्यांना विचार."

आप्पांच्या समोर तीन फोल्डर होते.

"आवं, त्यो मोटा सौदा घ्या आदी," काकी म्हणाल्या. "तुमचं आख्खं मार्केट हाय त्यात."

आप्पांनी नकारार्थी मान हलवली आणि घर या फोल्डरवर बोट ठेवलं.

"घरातलं काय घेताय? मी ऐकलं न्हाई व्हय ते आजवर?"

आप्पांनी बोट उचललं नाही.

मी घर उघडलं आणि एकेक क्लिप लॅपटॉपवर ओढायला लागले. पहिल्या दहा पटापट आल्या. मग वेग कमी झाला. एक क्लिप यायला मिनिटभर लागू लागलं. काही यायच्या, काही एरर देऊन मागे राहायच्या. मी त्या सोडून पुढे जात होते. सर चिपवर पंखा धरून उभे होते. एकेचाळीस झाल्या.

टॅबलेट चालतोय, जोडणी तुटत नाहीये, हे आप्पांच्या लक्षात आलं होतं. त्यांचा चेहरा बदलला. त्यांनी वही ओढली आणि लिहिलं, 'आता सौदा.'

"मोठी फाइल आहे," सर म्हणाले. "चाळीस मिनिटांची आहे. अडकेल. आधी छोट्या सगळ्या होऊ देत."

आप्पांनी वहीवरच्या त्या दोन शब्दांवर बोट आपटलं. काकी म्हणाल्या, "त्येंचा आवाज हाय. त्येंनाच ठरवू द्या."

सर माझ्याकडे बघत होते. निर्णय माझा होता. मी मार्केट उघडलं आणि तो सौदा ओढला.

हिरवी पट्टी सरकायला लागली. एक चतुर्थांश. थोडी पुढे. तिसरा हिस्सा झाला असेल. मग पट्टी थांबली. टॅबलेटची स्क्रीन तशीच उजळ राहिली, तिन्ही फोल्डर दिसत राहिले, पण बोट लावलं तर काही हलेना. सरांनी पंखा जवळ नेला. आम्ही थांबलो. शेवटी स्क्रीन आपली आपण काळी झाली.

त्यानंतर तो टॅबलेट चालू झाला नाही. सरांनी त्या दिवशी आणखी दोनदा चिप तापवली. लॅपटॉपला चिप दिसायचीच बंद झाली.

सौद्याचा जो तुकडा आला होता तो मी उघडून बघितला. वाजला नाही. त्या प्रकारच्या फाइलमध्ये कुठं काय आहे याची सूची अगदी शेवटी लिहिलेली असते. शेवट आला नाही तर सुरुवातही ऐकता येत नाही. हे आप्पांना समजावून सांगताना मला माझ्याच कामाची लाज वाटली. त्यांनी सगळं ऐकलं, मान डोलावली, आणि टेबलावरचे स्क्रू एका रांगेत लावत बसले.

एकेचाळीसपैकी नऊ क्लिप्स नुसती खरखर होत्या. बत्तीस नीट होत्या. सरांनी मला बाजूला घेतलं.

"त्यांना सांगितलंस का?"

"काय?"

"ऑपरेशनच्या आधी कॉपी अर्धवट सोडलीस ते."

"नाही."

"बघ तुझं तू," सर म्हणाले आणि आत चहा सांगायला गेले.

साताऱ्याच्या स्टँडवर कराडची गाडी लागायची होती. तिथून आप्पा आणि काकी कुंडलकडे जाणार होते, मी सांगलीला. बाकावर बसलो होतो. मी सांगून टाकलं. त्या दिवशी कॉपी लावली होती, ती तुटली, गिऱ्हाइकं उभी होती म्हणून मी नंतर या म्हटलं. आणखी अर्धा-पाऊण तास धीर धरला असता, केबल बदलून बघितली असती, तर तीनशे बाराच्या तीनशे बारा आज माझ्या लॅपटॉपमध्ये असत्या. दिवाळीला रोहिणीचा फोन आला तेव्हाही मी विसरले. टॅबलेट हलका होता, पण चूक टॅबलेटची नाही.

मालनकाकींनी पदर तोंडावरून काढला.

"मंग हे आत्ता कशापायी सांगताय?" त्या म्हणाल्या. "आमाला काय कळणार हुतं? टॅबलेट हलका निगाला म्हणून आमी गप बसलो असतो. आता रोज डोक्यात ऱ्हाणार, अर्ध्या तासानं गेलं म्हणून. तुमचं मन हलकं झालं. आमचं काय?"

मी टॅबलेटचा डबा पिशवीत सरकवला.

आप्पांनी वही काढली. पेन हातात धरून ते बराच वेळ कोऱ्या पानाकडे बघत होते. मग काही न लिहिता वही मिटून खिशात ठेवली. गाडी आली. ती दोघं पुढच्या सीटवर बसली. मी मागे बसले. कराडला उतरताना आप्पांनी वळून हात वर केला. काकींनी बघितलं नाही.

मी त्या बत्तीस क्लिप्स चार ठिकाणी कॉपी केल्या आणि काकींच्या मोबाईलवर, रोहिणीच्या मोबाईलवर टाकून दिल्या. दुरुस्तीचं बिल लावलं नाही. त्यानं काही फरक पडला असं मी म्हणणार नाही.

पुढचं रोहिणीकडून कळलं. आप्पा त्या क्लिप्स वापरत नाहीत. थेरपिस्टनं त्यांना गळ्याला लावायचं बॅटरीवरचं यंत्र दिलंय. ते लावून बोललं की सपाट, यंत्रासारखा आवाज निघतो. घरात चालतं. बाहेर ते लावत नाहीत, लहान मुलं घाबरतात म्हणून. मार्केटला एकदा गेले होते. त्यांच्या जागी आलेला माणूस सौदा पुकारत होता. आप्पांनी हातानं नुसत्या खुणा करून दोघा-तिघांची विचारपूस केली आणि पहिल्या ढिगापाशीच परत फिरले. त्यानंतर यार्डात गेलेले नाहीत. मालनकाकी क्लिप्स ऐकतात का, ते रोहिणीला माहीत नाही. विचारायचं धाडस तिला झालं नाही, मलाही नाही. त्या परत माझ्या दुकानात आल्या नाहीत. घरातला मोबाईल बिघडला तेव्हा तो रोहिणी साताऱ्याला घेऊन गेली.

लोक आजही विचारतात, ताई, हा स्वस्तातला टॅबलेट घेऊ का? मी घ्या म्हणते. मुलांना धडे बघायला, म्हाताऱ्यांना कीर्तन ऐकायला, दुकानात हिशोबाला तो पुरतो. हळू चालेल, दोन-तीन वर्षं टिकेल, मग टाकून द्यावा लागेल. जेवढे पैसे दिले तेवढं काम तो प्रामाणिकपणे करतो. पण तो सांभाळणारा नाही. जगात एकच असलेली कुठलीही गोष्ट एकट्या त्याच्यावर सोपवू नये. कॉपी दुसऱ्या जागी गेली आहे, तिथं उघडून वाजली आहे, हे स्वतःच्या कानांनी ऐकल्याशिवाय मी आता कुणालाही उठू देत नाही. गिऱ्हाईक घाईत असेल तर चिडतं. चिडू द्यावं.